ओ यायला लागणारा वेळ

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कटरवाल्याने दिवाळीला दिलेली ही डायरी पुढच्या वर्षाची आहे. छापील तारखा खोडून लिहितेय. जानेवारीपर्यंत थांबायला धीर नाही, आणि जे लिहायचंय ते सुजितला सांगायची सोय नाही. सांगितलं की तो हसतो. लग्न झाल्यापासून त्याने माझं नाव 'घाबरी मॅडम' ठेवलंय.

तर आजचं घाबरायचं कारण. मशीनने परत उडी मारली.

महाळुंग्यात आमचा भाड्याचा गाळा आहे, आत एकच मशीन. टेबलावर प्लास्टिकची जाड शीट आवळायची, वरून कटर फिरत जातो आणि शीटमध्ये खाचा कोरतो. आजूबाजूच्या कंपन्यांना सुटे भाग ठेवायला असले ट्रे लागतात. कटरने कुठे जायचं, किती वेगाने जायचं, हे एक जुना कॉम्प्युटर सांगतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे, ते मी बसवलेलं. उदगीरला बीसीए केलं त्याचा संसारात एवढाच उपयोग झाला. मी कॉम्प्युटरवर, सुजित मशीनवर. त्याच्या एका हातात भुसा ओढायचा पाइप, दुसरा हात थांबवायच्या बटणापाशी. खाच पुरी झाली की मधला तुकडा सुटतो. तो कटरमध्ये गुंतायच्या आत मशीन थांबवून उचलायचा, एवढंच त्याचं काम, पण सगळं लक्ष तिथे लागतं.

आज त्याने थांबवलंच नाही. तुकडा गुंतला, कटर मोडला आणि मोडकं टोक त्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर वाजलं. मी धावले. तो तसाच उभा.

"अगं, कटर इथं होता," तो म्हणाला. "मी बघायलोच होतो. एकदम तिथं गेला. मधलं काही नाहीच. उडीच मारली बघ मशीननं."

दिवाळीच्या आधीही असंच झालं होतं, दोनदा. मी स्वतः मशीनवर उभी असते तेव्हा ते कधी उडी मारत नाही, हे माझं नशीब की काय कोण जाणे.

या महिन्याच्या शेवटी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मी एकुलती एक. आठवडाभर तरी उदगीरला जावं लागणार, आणि तेवढे दिवस सुजित गाळ्यात एकटा, या मशीनपाशी, हात घालून. मी जायच्या आत हे भरवशाचं झालं पाहिजे. नाही झालं तर काय, हे लिहायलासुद्धा हात रेटत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चोर सापडला बहुतेक.

लिनक्स मशीनला एका सेकंदात हजारो वेळा 'सरक' म्हणून सांगत असतं. दर वेळी प्रोसेसरला हाक जाते आणि त्याने हातातलं काम टाकून ओ द्यायची असते. ओ किती उशिरा आली ते मोजायचा एक प्रोग्राम आहे. तो आज लावला आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर मुद्दाम कामं लादली. मोठ्या फाइली कॉपी केल्या, व्हिडिओ लावला, खिडक्या उघडल्या, मिटल्या. उशिराचा आकडा चढत चढत चांगल्या कॉम्प्युटरच्या दहापट झाला. म्हणजे हा बाबा मधेच कुठेतरी हरवतो, हाक ऐकत नाही, आणि भानावर आला की धावत सुटतो. सुजित म्हणतो ती उडी हीच असणार.

सुजितला आकडा दाखवला. त्याला फार बरं वाटलं. "मग? मी काय झोपलो होतो असं वाटत होतं का तुला?" मला तसं वाटलं नव्हतं, पण त्याला तसं वाटत होतं की काय, असं मला वाटून गेलं.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही नवे घ्यायचे. जुन्यावर भरवसा ठेवून मी गावाला जाणार नाही.

संध्याकाळी गॅसवर चहा ठेवून सुजित त्याच्यासमोर उभा आणि चहा उतू जाऊन शेगडी विझली. डोळे तिकडेच, हात शर्टाच्या बटणाशी चाळा करतोय. मी ओरडले तर म्हणाला, अ‍ॅसिडिटी झालीय, पोटातून काहीतरी वर सरसरत येतंय. आत्याने ओवा दिला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, यशोदाबाई. काळजीने माणूस असाच होतो. धंदा याच मशीनवर आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

एमआयडीसीची आठवड्याची सुट्टी. दोघं चिंचवडला प्रज्वलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. प्रज्वल बोलायला लागला की थांबत नाही. त्याने आधी जो मदरबोर्ड काढला त्याला कडेने लाल-निळे दिवे. वर सोळा कोरचा, म्हणजे सोळा डोक्यांचा, प्रोसेसर. म्हणे, ताई, याच्यावर काहीही पळेल.

मी म्हटलं, मला पळायला नकोय. मला हाक मारली की ओ पाहिजे, दर वेळी, तेवढ्याच वेळात. त्याने सुजितकडे पाहिलं. सुजित म्हणाला, "बायकोचं ऐक भावा, मी पण ऐकतो."

खरं म्हणजे मलाही नीट कळत नव्हतं, नुसता आव होता. रात्रंदिवस लोकांनी नेटवर लिहिलेलं वाचतेय. वेगवान प्रोसेसर वीज वाचवायला मधेच डुलकी घेतात. काही मदरबोर्ड लिनक्सला न विचारता स्वतःची कामं उरकतात, पंख्याचं तापमान बघ, अमुक कर, आणि तेवढा वेळ प्रोसेसर लिनक्सच्या हाताबाहेर जातो. हे खोक्यावर कुणी छापत नाही. शिवाय आमच्या मशीनची केबल जुन्या प्रिंटरसारखी रुंद तोंडाची. तिच्यासाठी पिना असलेला बोर्ड हवा. तसे बोर्ड आता फार थोडे उरलेत.

काहीच न घेता परत आलो. येताना तळवड्याच्या चौकात सिग्नल सुटला तरी सुजितने गाडी काढली नाही. मागून हॉर्न, शिव्या. मी पाठीवर थापटलं तेव्हा निघाला. मला म्हणाला, आत्ताच तर लाल लागला होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

दोन बोर्डांवर येऊन अडकलेय. एकाला सगळं नवं आहे, लोकांनी ओ मोजून टाकलेले आकडे मात्र कुठेच नाहीत. दुसरा साधा, ऑफिसात बिलं करायला घेतात तसला, पण त्याला केबलच्या पिना आहेत, डुलक्या बंद करायची सोय आहे आणि तिघाचौघांनी आकडे टाकलेत, सगळे चांगले. त्यावर चार कोरचा प्रोसेसर, चित्र दाखवायची सोय त्याच्यातच. चारातला एक कोर फक्त मशीनसाठी राखून ठेवता येतो, बाकीच्या कामांनी तिकडे फिरकायचंच नाही.

अक्कल दुसऱ्याकडे बोट दाखवते. भीती म्हणते, नवं घे, उद्या काही झालं तर सगळे म्हणतील स्वस्तात आटपलं. चुकीचा बोर्ड निवडला तर नुसता बोर्ड वाया जाणार नाही. त्या टेबलावर त्याचा हात असतो. भाजी निवडतानाही मला तो हातच दिसत होता.

आत्या विचारत होत्या, काय बघायलीस त्या मोबाइलमधी सारखी. सोपं करून सांगितलं, की कॉम्प्युटर हाकेला ओ देत नाही. त्या हसल्या. "मग आमच्या सुज्यासारखाच म्हण की. लहानपणी हाका मारून घसा बसायचा माझा. तंद्री लागायची लेकराला. त्याच्या आज्यालाबी लागायची. देवाचं माणूस म्हणायचे त्याला गावात. तंद्रीतून उठवू नाई कुणाला."

मग त्या शेंगा फोडत बसल्या आणि मी साधा बोर्ड नक्की केला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सुट्टीचा मुहूर्त धरून सकाळी घरीच जोडायला बसले. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना श्वास धरला होता. खाली केसासारख्या पिना, एक वाकली की बोर्ड गेला. बसला. मेमरी लावली, पंखा लावला, केबली लावल्या. सुजितने उदबत्ती ओवाळली, आत्यांनी कुंकू लावायला बोट पुढे केलं ते मी खोक्यावर लावून घेतलं. बटण दाबलं.

पंखा फिरला, स्क्रीन काळीच.

परत दाबलं. मेमरी काढून घातली. काळीच. पिन वाकली, बोर्ड गेला, चूक माझी, मीच निवडला. सुजित म्हणाला, रडतेस काय, माणूस मेलंय का. मी त्याच्यावर ओरडले. उगाच ओरडले.

प्रज्वलला फोन केला. त्याने शांतपणे विचारलं, ताई, बोर्डातलं सॉफ्टवेअर कुठलं आहे? बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून होता, प्रोसेसर त्याच्या नंतर आलेला. बोर्डाला हा पाहुणा ओळखूच येत नसणार. नवं सॉफ्टवेअर भरून द्यायला त्याने उद्या बोलावलंय. मी सॉकेट पाहिलं, पिना पाहिल्या, केबल पाहिली, आणि हे बघायचं विसरले. अजून काय काय बघायचं विसरलेय?

शनिवार, १५ नोव्हेंबर

झालं. चाललं.

प्रज्वलने आधी जुना प्रोसेसर लावून बोर्ड शिकवून घेतला, मग आमचा बसवला. गाळ्यात आणून लिनक्स टाकलं, डुलक्या बंद केल्या, एक कोर राखून ठेवला. ओ मोजायचा प्रोग्राम लावून त्याच्यावर होतं नव्हतं ते सगळं ओझं टाकलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. आकडा एकदा थोडासा वर गेला आणि तिथेच बसून राहिला. किती छळा, ओ वेळेवर.

सुजितने पेढे आणले. मला म्हणाला, "घाबरी मॅडम आज हसायली." हसले खरी.

नव्या बोर्डात भुसा जाऊ नये म्हणून कॉम्प्युटर प्लायच्या आडोशामागे ठेवला. आता मला मशीन दिसत नाही, सुजितही दिसत नाही. पण आमची हाक आहे. सुजित आधी भोसरीला पत्रा ठोकायच्या प्रेसवर होता, तिथली ही पद्धत. मशीन सोडणाऱ्याने, म्हणजे चालू करणाऱ्याने, विचारायचं, "हात?" समोरच्याने सांगायचं, "बाहेर." त्याशिवाय सोडायचं नाही. आमच्या गाळ्यात पहिल्या दिवसापासून हेच. सुजित कधी कधी मला छळायला मुद्दाम उशिरा 'बाहेर' म्हणतो आणि माझा जीव वर-खाली होतो ते बघून हसतो.

आईला फोन करून सांगितलं, पंचवीसच्या गाडीने येते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

परत.

नव्या बोर्डावर, नव्या प्रोसेसरवर, परत उडी. मी आडोशामागे होते. कटर भरडल्याचा आवाज आला आणि मी इकडून सगळं बंद केलं. शीट जळली होती. सुजितचा चेहरा पांढरा. तोच शब्द: इथं होता, एकदम तिथं गेला. त्याच्या तळव्याला गरम प्लास्टिक चिकटलं होतं, आणि ते त्याला मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

मी त्याच्यासमोर रडले नाही. बर्नॉल लावलं, पट्टी बांधली. मग आडोशामागे जाऊन ओ मोजायचा प्रोग्राम लावला. आकडा जिथल्या तिथे. सगळं ठीक. मला ठीक नको होतं, मला चूक सापडायला हवी होती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

केबल बदलली. अर्थिंग तपासून घेतलं. मोटरला वीज देणारे ड्रायव्हर सुट्टे करून पाहिले. बोर्डाच्या सेटिंगा एकेक उलट करून, परत सुलट करून पाहिल्या. प्रज्वल स्वतः येऊन बसला आणि जाताना म्हणाला, ताई, माझ्याकडून आजवर गेलेल्यातला हा सगळ्यात शहाणा कॉम्प्युटर आहे. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

दोन दिवस मी मशीनवर उभी राहिले, सुजित कॉम्प्युटरवर. एकदाही उडी नाही. सुजित म्हणाला, मशीनलाही बाईमाणूस आवडतं. त्याचं हसणं ओढूनताणून होतं. तो थकलाय. दुपारी जेवून बसला की तोंडात काही नसताना चावल्यासारखं करतो, मग गप्प, मग विचारतो, काय म्हणलीस? मी काहीच म्हटलेलं नसतं.

आत्यांनी मीठ-मोहऱ्यांनी मशीनची दृष्ट काढली. मी अडवलं नाही. नेटवर जे जे होतं ते सगळं करून झालं होतं.

गाडी मंगळवारची. मी जाऊ नये असं वाटतं, आणि आई ऑपरेशनला एकटी जाईल हेही बघवत नाही. मला सगळीकडून भीती वाटते.

रविवार, २३ नोव्हेंबर

सुजितने सुचवलं तसं केलं. मी नसताना त्याला सारखं आडोशामागे पळावं लागू नये म्हणून मशीनपाशी सुरू करायचं हिरवं बटण बसवून वायर ओढून ठेवली. कॉम्प्युटरात ते अजून चालू केलं नाही. उद्या शेवटच्या शीटा मी कॉम्प्युटरवर बसून काढते, मग जाताना चालू करून जाईन.

बॅग भरली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

नीट लिहिते. घाईने लिहिलं तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपार होती. उद्यापासून एकट्यालाच करायचं म्हणून सुजित परत मशीनवर. एक ट्रे निघाला होता, सुजितने नवी शीट आवळली. मशीन बंदच. मी आडोशामागे, बोट एंटरवर.

"हात?"

ओ नाही.

मला वाटलं चेष्टा. उद्या मी जाणार म्हणून आज जास्तच छळतोय. परत विचारलं. परत काही नाही. कंप्रेसरचा आवाज तेवढा. राग आला, दाबतेच म्हटलं, मग कळेल. बोट खाली गेलंही असतं. का गेलं नाही ते मला सांगता येत नाही. भित्री आहे म्हणून गेलं नाही, एवढंच.

उठून पलीकडे गेले. सुजित टेबलावर वाकलेला. पट्टी बांधलेला हात शीटवर, पंजा पसरलेला, बरोब्बर कटरच्या खाली. दुसऱ्या हाताने शर्टाचं बटण पिळतोय. डोळे उघडे. तोंड चावल्यासारखं हलतंय.

"सुजित."

मी त्याच्या तोंडासमोर होते. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत मी नव्हते. मनगट धरून हात बाहेर घेतला. लहान मुलाचा घ्यावा तसा आला तो हात. मी मेन स्विच पाडला. कंप्रेसर थांबला, सगळं गप्प झालं, आणि त्या शांततेत तो मिटक्या मारल्यासारखा आवाज ऐकू येत राहिला. मग तो थांबला. सुजितने पापण्या मिटल्या, उघडल्या, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तू कधी आलीस इकडं?" मग शीटकडे बोट करून म्हणाला, "बघितलंस? परत मारली उडी. माझा हात तिथं होता, एकदम इथं."

मशीन चालूच नव्हतं.

मी खाली बसले. इतके दिवस प्रोसेसरला हाका मारून मोजत होते, आणि शेजारी उभ्या माणसाला एकदाही मारून बघितली नाही. उतू गेलेला चहा, सिग्नल, ओवा, चाळा, चावणं. सगळं माझ्यासमोर झालं होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुरती उडी खरीच होती. मधला वेळ त्याला मिळालाच नव्हता.

हिरव्या बटणाची वायर ओढून काढली. ती उद्यापासून चालू होणार होती. हे लिहून मी डायरी मिटली होती, परत उघडली. ती उद्यापासून चालू होणार होती.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आईचं ऑपरेशन पुढे ढकललं. तिला खरं कारण सांगितलं नाही.

पिंपरीला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, आत्याही बरोबर. डोक्याला वायरी चिकटवून कागदावर रेघा काढल्या. डॉक्टर बाई होत्या, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, ही फिटच आहे. फिट म्हणजे खाली पडून हातपाय झाडणं असंच नसतं, ही अशीही येते. माणूस उभा असतो आणि थोडा वेळ तिथे नसतो. लहानपणी तापात कधी झटका आला होता का?

आत्या खाली बघत म्हणाल्या, आला होता. बराच वेळ राहिला. कांदा फोडून नाकाला लावला होता. नंतर नुसती तंद्री राहिली, ती जाईल म्हटलं. आणि तंद्रीचं सांगितलं असतं तर पोरगी कोण देणार होतं. हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण भीतीतून वाट काढून वर आला नाही.

गोळ्या सुरू. चुकवायच्या नाहीत. गाडी चालवायची नाही, मशीनवर उभं राहायचं नाही, डॉक्टर सांगेपर्यंत. असं झालं तर दाबून धरायचं नाही, कांदा नाही, चप्पल नाही. धोक्यापासून बाजूला करायचं आणि भानावर येईपर्यंत जवळ बसायचं.

घरी आल्यावर सुजित म्हणाला, "म्हणजे मी खराब निघालो. बोर्ड चांगला होता."

मी त्याला खूप काही म्हणू शकले असते. "गोळी घे," एवढंच म्हटलं.

मंगळवार, २ डिसेंबर

गाळा बंद आहे. सुजित दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो. आत्या त्याला घडीघडी हाक मारून बघतात. सुज्या. ओ. सुज्या. ओ. शेवटी तो चिडला, घरात मला माणूस म्हणून राहू देता का नाही, म्हणाला. आत्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मीही मनातल्या मनात तेच करत होते, फक्त आवाज काढत नव्हते.

मशीनवर मी उभी राहू शकते. पण मग कॉम्प्युटरवर कोण? सुजितला बसवावं, तर त्याला मधेच झालं म्हणजे? यावर दोन दिवस विचार करतेय. बोर्ड निवडताना केला होता तसाच. कशाने काय बिघडेल, आणि बिघडलं तर कुणाकडे जाईल.

आज दुपारी लक्षात आलं. मशीन सोडण्याआधी विचारायचं काम त्याचं. तो हरवला तर हाकच येणार नाही. हाक आली नाही तर मशीन सुटणार नाही. थांबवायचं बटण माझ्या हाताशी. त्याच्या गप्प होण्याने कुणाला काही होणार नाही. त्याला सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही, त्याचा हात शर्टाच्या बटणाशी जातो का ते मी बघत राहिले. मग म्हणाला, "विचार करायलो. हरवलो नाही."

शुक्रवार, १२ डिसेंबर

सोमवारी गाळा उघडला. जाणं-येणं बसने. सुजित आडोशामागे, मी मशीनवर. पहिल्या दिवशी त्याची हाक इतकी बारीक होती की मला दोनदा विचारावं लागलं. पट्टी निघालीय, तळव्यावर गुलाबी डाग राहिलाय.

मला वाटलं होतं कळल्यावर भीती कमी होईल. तसं काही नाही. शीट आवळून हात मागे घेते आणि आडोशाकडे बघत उभी राहते. हाक येईपर्यंतचा तो वेळ मोजायचा प्रोग्राम कुणी केलेला नाही.

आज दुपारी हाक आली नाही.

मी थांबले. चेष्टा असेल म्हटलं. असू दे, देवा, चेष्टाच असू दे. मग पाइप खाली ठेवला आणि पलीकडे गेले. सुजित स्क्रीनसमोर बसलेला, बटण पिळत, चावत. कीबोर्ड पुढून सरकवला. स्टुलावर बसले, बटण पिळणारा हात सोडवून माझ्या हातात घेतला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसं नुसती बसून राहिले. स्क्रीनवर सगळं तयार होतं, नवा प्रोसेसर हाकेची वाट बघत होता. बाहेर ट्रक मागे घेत होते. मी तेवढा वेळ काही मोजलं नाही.

त्याच्या हाताची बोटं हलली. डोळे फिरले, स्क्रीनवर आले. जिथे तुटलं होतं तिथूनच त्याने पुढचं उचललं, मी अजून मशीनपाशीच आहे असं समजून, मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं.

"हात?"

तो माझ्या हातात होता.

"बाहेर," मी म्हटलं.